संध्याकाळ झाली, हे कोण ठरवतं?

आजचा विषय तुमच्या डोक्यावर आहे, अगदी शब्दशः. रस्त्यावरून चालत ऐकत असाल, तर एखाद्या पथदिव्याकडे मान वर करून बघा. काही दिव्यांच्या टोपीवर कपाएवढी एक डबी दिसेल. ती म्हणजे फोटोसेल. "चला, अंधार पडला, दिवा लावा," हा निर्णय ती डबी घेते. पण अंधार म्हणजे नेमका किती अंधार? मला या प्रश्नाचा इतिहास फार आवडतो, कारण त्यात विज्ञान आहे, पैसा आहे, आणि घरी परतणारी माणसंही आहेत.

आधी हा निर्णय माणूस घ्यायचा. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे आले, ते एकेक करून हाताने लावावे लागत. दिवाबत्तीवाल्याला आभाळ दिसायचं, ढग दिसायचे. पण त्याला हात दोनच. पहिला दिवा लवकर लागणार, शेवटचा उशिरा.

उजेड ओळखणारी वस्तू सापडली ती योगायोगाने. १८७३ साली विलोबी स्मिथ हा इंग्रज अभियंता समुद्राखालच्या तारांच्या चाचणीसाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होता. कांड्यांचा विजेला होणारा विरोध काही स्थिर राहीना. मग लक्षात आलं, की कांडी ज्या पेटीत आहे तिचं सरकतं झाकण लावलं की विरोध वाढतो, झाकण काढून उजेड आत आला की कमी होतो. उजेडावर वीज कमीजास्त होते, हे जगाला कळलं. ते सरकतं झाकण लक्षात ठेवा हं, पुढे परत भेटणार आहे.

गंमत म्हणजे, उजेड ओळखून दिवा चालवणारं जे यंत्र आधी गाजलं, त्यात वीज नव्हतीच. स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने १९०७ साली दीपगृहांसाठी "सूर्यझडप" बनवली. काचेच्या नळीत मधोमध एक काळी दांडी आणि भोवती तीन चकचकीत दांड्या. दिवसा काळी दांडी उजेड शोषून बाकीच्यांपेक्षा जास्त तापते, किंचित लांब होते आणि गॅस बंद करते. सांज झाली की ती थंड होऊन आखडते, गॅस सुटतो आणि कायम तेवणाऱ्या छोट्या ज्योतीवर दिवा पेटतो. किती उजेडाला झडप मिटावी, हेही जुळवून ठेवता यायचं. स्टॉकहोमजवळच्या फुरुहोल्मेन दीपगृहातली अशी झडप १९१२ पासून १९८० पर्यंत चालली.

त्याच १९१२ मध्ये, गॅसच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि दालेनची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते स्वीकारायला त्याचा भाऊ गेला, आणि तो होता डोळ्यांचा डॉक्टर! पुढे दालेनने १९३७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कंपनी चालवली.

आता आपल्या डबीकडे येऊ. विसाव्या शतकात रस्त्यावरच्या खांबांवर जे फोटोसेल बसले, त्यांतल्या पुष्कळांत कॅडमियम सल्फाइडची चकती असायची. काम तेच, उजेड पडला की विरोध कमी. मग जास्त वीज वाहते, एक छोटा हीटर तापतो, दोन धातूंची पट्टी वाकते आणि दिवा बंद. अंधारात पट्टी थंड होऊन सरळ होते आणि दिवा चालू. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून वीज चमकली किंवा गाडीचा हेडलाइट पडला तरी दिवा लगेच विझत नाही.

आणि सेटिंग? काही डब्यांच्या खिडकीवर चक्क सरकतं झाकण. स्मिथच्या पेटीसारखंच! झाकण थोडं ओढलं की चकतीला उजेड कमी दिसतो, तिला वाटतं संध्याकाळ झाली, आणि दिवा लवकर लागतो. झाकण उघडलं की उशिरा. खिडकीचं तोंड शक्यतो उत्तरेला ठेवतात, म्हणजे थेट ऊन पडत नाही.

खरा वाद आहे आकड्याचा. उजेड लक्समध्ये मोजतात. ब्रिटनमध्ये जुने फोटोसेल साधारण ७० लक्सला दिवा लावत. त्याला कारण होतं. सोडियमच्या दिव्याला पूर्ण तेजावर यायला काही मिनिटं लागतात, म्हणून थोडं आधीच पेटवलेलं बरं. पुढे जास्त अचूक, इलेक्ट्रॉनिक फोटोसेल आले आणि आकडा ३५ वर, काही ठिकाणी त्याहून खाली आला. एलईडी तर क्षणात लागतो, त्याला आधी उठवायची गरजच नाही.

काही मिनिटांनी काय फरक पडतो? हिशोब करू. संध्याकाळी ५ आणि सकाळी ५ मिनिटं वाचली असं धरा. वर्षाला एका दिव्याचे सुमारे ६० तास. १०० वॅटचे १ लाख दिवे असतील तर वर्षाला ६ लाख युनिट! म्हणून नगरपालिकांना हा आकडा खाली आणावासा वाटतो. पण तीच ५ मिनिटं ऐन तिन्हीसांजेची असतात. क्लासवरून सायकलने घरी निघालेल्या मुलीला बिल दिसत नाही, खड्डा दिसायला हवा असतो. म्हणून मी म्हणतो, हा आकडा फक्त इंजिनिअरिंगचा नाही.

आता बऱ्याच ठिकाणी तारखेवरून सूर्यास्त काढणारे टायमर आलेत. पण जुलैमध्ये दुपारी ४ वाजता आभाळ काळंभोर झालं, तर नुसत्या टायमरला ते कळत नाही. फोटोसेलला कळतं.

जाता जाता एक. भर दुपारी जळणारा दिवा बघून आपण म्हणतो, काय हा निष्काळजीपणा! पण आठवा, पट्टी थंड असली की दिवा चालू. म्हणजे चकती मेली, हीटर गेला, तरी दिवा लागलेलाच राहतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. बिघाड झालाच तर वीज वाया जावी, पण रस्ता अंधारात राहू नये. असा दिवा दिसला तर खांबाचा नंबर टिपा आणि तक्रार जरूर करा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की चूक कोणत्या बाजूला झालेली परवडेल, याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलाय.

भेटू पुढच्या भागात!