शनिवार तेली आणि नगरची छावणी

नगरचा भुईकोट किल्ला पाहावयास येणाऱ्या पाहुण्यास आम्ही नगरकर एक गोष्ट हटकून सांगतो. १९४२ च्या ऑगस्टात राष्ट्रसभेचे पुढारी येथे स्थानबद्ध झाले आणि येथेच पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्याच्या आधी तीन वर्षे ह्याच गावी निराळे कैदी आणले गेले होते. त्यांचे नाव मात्र आमच्या तोंडून निघत नाही. गाव आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाऊ लागले आहे. विस्मृती तेवढी जुनीच आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच सरकारने हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांस धरले आणि त्यांतील पुष्कळांस नगरच्या छावणीत ठेविले. त्यांत व्यापारी होते, मिशनरी होते, हिटलरचे कट्टर अनुयायी होते; आणि त्याच हिटलरच्या भयाने देशोधडीस लागलेले ज्यूही होते. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीने त्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले होते. १९३८ पासून त्यांच्या पारपत्रांवर ‘जे’ हे अक्षर उमटू लागले होते. जर्मनीच्या लेखी ते जर्मन नव्हते, आणि नगरच्या पहारेकऱ्याच्या लेखी ते जर्मनच होते! शांतिनिकेतनात इंग्रजी शिकविणारे ॲलेक्स आरोन्सन हे असेच एक. त्यांच्या सुटकेसाठी खुद्द रवींद्रनाथांस शब्द टाकावा लागला. पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली, तेव्हा आरोन्सनांसारखे कित्येक बाहेर पडले.

पहारेकऱ्यास दोष देण्यात हशील नाही. त्याच्या हाती यादी होती आणि यादीत जन्मभूमीचे नाव होते. आम्हांस नवल वाटते ते आमच्याच वर्गाचे, म्हणजे इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाचे. त्या वर्षांत आपल्याकडील सुशिक्षितांत हिटलरविषयी कौतुकाने बोलणारे थोडे नव्हते. इंग्रजांचा वैरी तो आपला सोयरा, एवढा हिशेब पुरेसा वाटे. ज्यू मेला काय आणि जगला काय, तो आपल्याला कोठे ठाऊक आहे, असा भाव असे.

आणि येथेच आमची मोठी चूक होती. ज्यू आपल्याला शेकडो वर्षे ठाऊक होता. अलिबाग, रेवदंडा, पेण ह्या भागांत बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांस ‘शनिवार तेली’ म्हटले. ते खवले नसलेला मासा खात नसत, हेही शेजाऱ्यांस माहीत असे. राजपूरकर, केहिमकर, पेणकर ही त्यांची आडनावे ऐकून ते परके आहेत असे कोण म्हणेल? ज्यास अक्षरओळख नव्हती त्या कोकणी शेजाऱ्याने त्यांचा शनिवार सांभाळला. जातिभेद त्या गावांतही होता, आणि ‘तेली’ ह्या नावात मानाचे स्थान नव्हते, हे आम्ही विसरत नाही. पण त्यांच्या दारावर द्वेषाने कोणी खूण केली नाही. उलट, २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिननजीक वानसे येथे युरोपातील ज्यूंच्या संहाराची योजना करण्यास जे पंधरा गृहस्थ जमले, त्यांतील निम्म्यांहून अधिकांपाशी डॉक्टरेट होती. शिक्षणाने द्वेष जातो असे आम्ही वर्गात सांगतो खरे. कोणत्या शिक्षणाने, हे सांगावयाचे राहून जाते.

बेने इस्राएलांनी आपल्यापुरते त्याचे उत्तर दिले होते. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, त्यात धर्मांतराचा हेतू होता. पण ती विद्या हाती येताच ह्या समाजाने ती स्वधर्माच्या कामी लाविली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणिले. १८८० च्या सुमारास तर ह्या लोकांनी हरिदासांचा थाट उचलून बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने आरंभिली! १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढिली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. रेबेका रूबेनबाईंनी १९२२ पासून १९५० पर्यंत ती चालविली. पुढे समाजातील बहुतेक घरे इस्राएलास गेली. शाळा माझगावी आहे. पण बाकांवर बसणारी मुले आता बहुतांशी हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती घरांतील.

त्यांनी आमची भाषा, आमचे कीर्तन, आमची आडनावे घेतली. आमच्या क्रमिक पुस्तकांनी त्यांच्याकडून काय घेतले? दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात साठ लक्ष हा आकडा येतो आणि जातो. तो पाठ करणाऱ्या मुलास रेवदंड्याचा तेली आणि आउश्वित्झचा मृत हे एकाच प्रार्थनेचे लोक होत, असे कोणी सांगत नाही. ती रिकामी जागा मग दुसरे कोणी भरते. हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर आजही पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी मांडलेले असते, आणि व्यवस्थापनकौशल्याचा ग्रंथ म्हणून ते घेणारे तरुण आम्ही पाहिले आहेत.

मागे एकदा आम्ही पदवीच्या वर्गात विचारिले, हे पुस्तक कोणी वाचले आहे? बरेच हात वर झाले. ‘शनिवार तेली’ म्हणजे कोण, ह्या प्रश्नास एकही हात नाही. आम्ही थोडे सांगितले आणि तास संपला. चार दिवसांनी मागच्या बाकावरील एक मुलगी खोलीशी आली. तिचे आजोळ अलिबागकडचे. तिने आजीस विचारले होते. आजी म्हणाली, “अगं, आमच्या आळीतच राहायचे ते. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत आई मला तेल आणायला पिटाळायची, दुसऱ्या दिवशी मिळायचं नाही म्हणून. मग एके वर्षी सगळे बोटीने गेले. घराला कुलूप होतं, त्याची किल्ली आमच्याकडे दिली होती.”

त्या किल्लीचे पुढे काय झाले, हे विचारावयाचे ती विसरली होती. दिवाळीत जाईन तेव्हा विचारून येते, म्हणाली.