झोअँथिड पॉलिप : कीड व निरुपद्रवी ठिपके

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील झोअँथिड पॉलिपांवर दिसणारे ठिपके, पुटकुळ्या व चिकटलेले जीव यांची ओळख. झोअँथिड हे प्रवाळ व समुद्रपुष्पांचे आप्त असून त्यांना चुन्याचा सांगाडा नसतो. हौशी मंडळी त्यांना ‘झोआ’ म्हणतात. मुंबई, रत्नागिरी, मालवण येथे ओहोटीला खडकांवर त्यांच्या हिरवट वसाहती उघड्या पडतात.

कीड येण्याची वाट : पिंपरी-चिंचवड, चाकण यांसारखे भाग समुद्रापासून दूर. तेथील नळाचे पाणी गोडे. ते आरओ यंत्रातून गाळून त्यात सागरी मीठ मिसळले जाते आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास राखले जाते. अशा पाण्यातून सागरी कीड येत नाही. ती येते नव्या वसाहतीबरोबर किंवा दगडाबरोबर. म्हणून तपासणी टाकीत सोडण्यापूर्वीच करतात.

उपद्रवी : झोआ खाणारी नुडिब्रँक ही कवचहीन सागरी गोगलगाय. तिच्या पाठीवरचे बोटांसारखे उंचवटे पॉलिपच्या शुंडकांसारखे दिसतात आणि खाल्लेल्या पॉलिपमधील शैवालामुळे तिला त्याचाच रंग येतो. त्यामुळे ती दिवसा नजरेत भरत नाही. देठावर किंवा दगडाखाली पांढरट, बुळबुळीत अंड्यांचे वेटोळे ही तिची खूण. हेलिअ‍ॅकस गोगलगायीचे कवच चपटे, काळ्या-पांढऱ्या चौकटींचे असते. देठावर पिवळसर-पांढऱ्या बारीक पुटकुळ्या आणि मिटलेले पॉलिप ही ‘झोआ पॉक्स’ची लक्षणे होत.

निरुपद्रवी : दगडावर व काचेवर घट्ट बसलेली एक-दोन मिलिमीटरची पांढरी चक्री ही स्पायरॉर्बिड कृमींची घरे. काचेवर तुरूतुरू पळणारे पांढरे कण बहुधा कोपेपॉड असतात. पॅलिथोआ या झोअँथिडाच्या देठातले खरखरीत कण म्हणजे त्याने स्वतःच्या ऊतीत सामावून घेतलेली वाळू. सर्व पॉलिपांच्या चकतीवर एकाच जागी येणारे ठिपके ही त्या जातीची नक्षी असते. देठाच्या तळाशी उगवणारे कोंब म्हणजे नवे पॉलिप.

पारख : दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च व भिंग घेऊन पाहावे. ठिपका हलतो का, हलक्या हाताने निघतो का, पॉलिप उघडतो का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. पॉलिप नेहमीप्रमाणे उघडत असेल तर घाई नको. कीड आढळल्यास वसाहत वेगळी ठेवून आयोडीनयुक्त द्रावणात बुडवतात. अंडी त्यातून वाचू शकतात. ती खरवडून काढावी लागतात आणि काही दिवसांनी पुन्हा बुडवणी करावी लागते.

दक्षता : काही पॅलिथोआंत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते, ते १९७१ मध्ये हवाईतील पॅलिथोआतून वेगळे करण्यात आले. हातमोजे व चष्मा घालावा. झोआ असलेला दगड कधीही उकळू नये, कारण वाफेतूनही विषबाधा होते.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे समाविष्ट झाले. त्यामुळे वसाहत घेताना कीड पाहण्याआधी जात पाहावी लागते.