बलुतं आणि बिल

तर झालं असं की, गेल्या महिन्यात आमच्या मिस्त्रींनी फर्निचरचं बिल दिलं आणि मी वाद घातला. मूळ अंदाजापेक्षा नऊ हजार जास्त! वॉर्डरोबचं डिझाइन मी मध्येच दोनदा बदललं होतं हे खरं, पण "ठरलेत तेवढेच देणार" असं मी ठणकावून सांगितलं. बाबा शेजारीच बसले होते. मिस्त्री गेल्यावर एवढंच म्हणाले, "तुझ्या आजोबांना आयुष्यात कधी बिल लिहिता आलं नाही. हा लिहितोय, तर लिहू दे की."

आमचं घराणं सुताराचं. आजोबा साताऱ्याकडच्या एका खेड्यात बलुतेदार होते. हे मला माहीत होतं, पण इतिहासाच्या पुस्तकातल्या "बारा बलुतेदार" या दोन शब्दांपलीकडे मी कधी गेलोच नव्हतो. त्या शनिवार-रविवारी मात्र बसलो वाचत.

आपल्या भाषेत सांगायचं तर बलुतं म्हणजे गावाचं एएमसी. सुतारानं वर्षभर शेतकऱ्याचं औत, कुळव, पाभर दुरुस्त करायची. लोहारानं फाळ शेवटून द्यायचे, चांभारानं मोटेचं आणि वहाणांचं बघायचं. दर कामाला पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर जायचं आणि धान्याचा वाटा घ्यायचा, बऱ्याचदा कणसांसकट पेंढ्यांच्या रूपात. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा तीन ओळी असत. त्यांना 'कास' असंही म्हणत. म्हणजे कुणबी ही गाय, आणि कोणी कोणत्या सडाला लागायचं ते ठरलेलं! कोणत्या ओळीत कोण, ही यादी गावागणिक बदलायची, पण सुतार-लोहार सहसा थोरल्या ओळीत. नवीन गाडी किंवा घर बांधायचं असेल तर तो हिशोब वेगळा, आणि लाकूड शेतकऱ्याचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे भारीच वाटलं. गिऱ्हाईक शोधायला नको, दर वेळी घासाघीस नको, उधारी बुडायची भीती नाही. मग मी आजीला फोन लावला.

"आजी, वर्षाचं किती मिळायचं गं?"

"द्यायचे तेवढं मिळायचं."

"म्हणजे किती?"

"अरे, कोण मोजतंय? पेंढी बांधणारा त्यांचा, हात त्यांचा. एखादा चांगली बांधून द्यायचा, एखादा नुसतीच बोटभर."

इथे माझी ट्यूब पेटली. एएमसीला कागद असतो. काय करायचं, किती वेळा करायचं, काय करायचं नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. बलुत्यात रिवाज होता, पण माप नव्हतं.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे १९१५ सालचं पुस्तक वाचलं तर चित्र अगदी उलटं दिसतं. आत्रे शेतकऱ्याची बाजू मांडतात. कारू-नारूंच्या, म्हणजे बलुतेदार-अलुतेदारांच्या, हक्कांचं ओझं कुणब्याला पेलवत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे गंमत बघा, सुताराला वाटतंय आपल्याला कमी मिळालं, आणि शेतकऱ्याला वाटतंय आपण जास्त दिलं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतील. पण काम आणि मोबदला कुठेच समोरासमोर मांडलेले नसतील, तर भांडण मिटणार कसं?

आणि सगळ्यांचं दुःख एका मापाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. सुताराचं काम निदान सुतारकाम होतं. महारांच्या कामाला हद्दच नव्हती. गावकी, सरकारी निरोप, मेलेली जनावरं, येईल ते. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण काम जातीला चिकटलेलं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. महारांची कामं नियमानं ठरवा आणि बलुत्याऐवजी पैशात मोबदला मिळू द्या, या त्यातल्या मुख्य मागण्या होत्या. आज वाचताना वाटतं, माणसानं याहून कमी काय मागायचं! तरी विधेयक पार पडलं नाही, १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गाव-वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. आणि १९७८ मध्ये दया पवारांचं आत्मकथन आलं, त्याचं नावच 'बलुतं'.

सुतार-लोहारांचं बलुतं मात्र हळूहळूच विरलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावला लोखंडी नांगर बनवायला घेतले. लाकडी नांगर गावात घडायचा, लोखंडी नांगर विकत आणावा लागला. पुढे ऊस वाढला. आणि उसाला खळंच नसतं हो! ऊस थेट कारखान्यात जातो आणि पैसे येतात. मग पेंढी मागायची कुठे?

आमच्या घरात तो शेवट १९७२ च्या दुष्काळात झाला. पीकच नाही म्हणून खळी नाहीत, आणि खळी नाहीत म्हणून बलुतं नाही. आधीच्या वर्षभर केलेल्या कामाचं काय? काहीच नाही. मागायला हातात कागद नव्हता. आजोबांनी काही महिने दुष्काळी कामावर खडी फोडली आणि मग हत्यारांची पेटी घेऊन पुण्याला आले, रोजंदारीवर. संध्याकाळी रोख पैसे हातात पडले तेव्हा ते नोटा दोनदा मोजायचे, असं बाबा सांगतात.

आता माझ्याकडे बघा. माझी कंपनी माझा तास विकते. क्लायंटनं एक बटण इकडचं तिकडे करायला सांगितलं तरी आम्ही चेंज रिक्वेस्ट पाठवतो, आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. घरी आल्यावर मात्र मला सुतार बलुतेदार हवा असतो. मी सांगीन ते करायचं आणि मी देईन ते घ्यायचं.

असो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन केला. म्हटलं, "मिस्त्री, बिल परत लिहून द्या. मटेरियल वेगळं, मजुरी वेगळी, आणि मी केलेले बदल वेगळ्या ओळीत."

ते जरा घाबरलेच. "कमी करायचंय का साहेब?"

"नाही, कळायला हवं म्हणून."

नवीन बिलात बेरीज तीच आली. फक्त आता कशाचे किती ते दिसत होतं. दोन बदलांचे नऊ हजार, त्यात वाया गेलेला प्लाय आणि चार दिवसांची मजुरी. चार दिवस! मला वाटलं होतं अर्ध्या दिवसाचं काम. पैसे दिले. पुढच्या कामाला आधी लेखी अंदाज, थोडा अ‍ॅडव्हान्स आणि बदल झाला की त्याच दिवशी नोंद, असं आमचं ठरलंय.

बिलाची झेरॉक्स बाबांनी मागून घेतली. कशाला, ते मी विचारलं नाही.