डबलबारी : गाणारा आणि पारखणारा

गाण्याची परीक्षा कोणीं करावी, हा प्रश्न दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धांमुळें नव्यानें उत्पन्न झाला, असें पुष्कळांस वाटतें. खुर्चींत बसलेले परीक्षक, त्यांचे शेरे, त्या शेऱ्यांवर घरोघर होणारी टीका आणि शेवटीं लोकांच्या मतांनीं लागणारा निकाल, हा सारा प्रकार अलीकडच्या तीस वर्षांतला आहे, हें खरें. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर, आणि एकंदर सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, दोन गायकांस एकमेकांपुढें बसवून रात्री जागवीत त्यांचा कस पाहण्याची रीत त्यापूर्वींच रुजलेली होती. तिला डबलबारी म्हणतात. नांवांतला अर्धा शब्द इंग्रजी आहे, यावरून हिचें आजचें रूप मुंबईच्या संगतीनें घडलें, हें उघड होतें. तथापि हिचें कूळ जुनें आहे.

या प्रांतांतील देवळांत हरिनाम सप्ताह होतो, तेव्हां वाडीवाडीचे लोक प्रहर वांटून घेऊन भजन करितात. नामाचा घोष खंडूं द्यावयाचा नाहीं, हा नेम. एका वाडीचा आवाज विरतो न विरतो तोंच दुसरीचा चढतो. देव तोच, सभामंडप तोच, ऐकणारेही बहुशः तेच; मग कोणाचे टाळ एकजीव पडले आणि कोणाचे विसकटले, याची तुलना आपोआप होते. तीस स्पर्धा हें नांव कोणी देत नाहीं, एवढेंच. दुसरें मूळ शाहिरी फडांचें. कलगी आणि तुरा या दोन पक्षांनीं परस्परांस पदांतून प्रश्न घालावे व पदांतूनच उत्तरें द्यावीं, तुऱ्यानें शिवाचा म्हणजे पुरुषाचा आणि कलगीनें शक्तीचा म्हणजे प्रकृतीचा कैवार घ्यावा, ही परंपरा महाराष्ट्रांत दूरवर पसरली होती. उत्तरेकडील रत्नागिरी जिल्ह्यांत तिनेंच शक्ति-तुऱ्याच्या नाचांत आपलें बिऱ्हाड केलें. दक्षिणेकडे मात्र तिचा सवालजवाबाचा स्वभाव भजनांत उतरला. आणि भजनाला या मुलखांत खाण्यापुरतें धान्य घरचेंच होतें: बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) यांचीं पदें सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत अठराव्या शतकापासून गाइलीं जात आलीं आहेत. ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम हे तर घाटावरून आलेले परंतु घरचेच झालेले.

डबलबारीची मांडणी अशी. रंगमंचावर दोन मंडळें दोन बाजूंस बसतात. प्रत्येक मंडळाचा नायक तो बुवा. तो स्वतः पेटी वाजवितो आणि गातो. शेजारीं पखवाजी, झांज वाजविणारा, आणि मागें साथ धरणारे कोरस. मंडळाच्या नांवांत ‘प्रासादिक’ हा शब्द बहुधा असावयाचाच, आणि जाहिरातीच्या फलकावर बुवाच्या नांवाखालीं त्याच्या गुरूचें नांव व पखवाजवाल्याचेंही नांव ठळक अक्षरांत छापावयाचें. ही प्रथा लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गायकाबरोबर त्याची गुरुपरंपराही त्या रात्रीं तराजूंत बसते. पहिली बारी एकाची, दुसरी दुसऱ्याची. प्रत्येकानें स्तवन, देवाचें रूप वर्णिणारी रूपावली, अभंग, गौळण असा क्रम चालवावा आणि गजरानें कळस चढवावा. गजराच्या वेळीं लय हळूहळू वाढत जाते, झांज आणि पखवाज एकमेकांस ललकारूं लागतात, कोरस नामावर तुटून पडतो. गाणें समजणारा व न समजणारा असा भेद त्या दहा-पंधरा मिनिटांत श्रोत्यांत उरत नाहीं.

परंतु या प्रकाराचें खरें वैशिष्ट्य दुसऱ्या बारींत आहे. पहिला बुवा आपली बारी संपवितांना रामायण, महाभारत किंवा एखाद्या पुराणांतला एक प्रश्न प्रतिस्पर्ध्यापुढें टाकून जातो. दुसऱ्यानें त्याचें उत्तर द्यावें, तेंही शक्य तों गाऊन. आणि वर पहिल्याच्या गाण्यांतले दोष काढावे. अभंगाचा चरण कोठें चुकला, चाल कोठून उचलली, ताल कोठें डगमगला, हें सारें त्यानें सभेपुढें, प्रतिस्पर्धी समोर बसलेला असतांना सांगावें. म्हणजे एकच मनुष्य त्या रात्रीं उमेदवारही असतो आणि परीक्षकही. पारखणारानें स्वतः गाऊन दाखविलें पाहिजे, हा येथला अलिखित कायदा आहे. ‘तुमचा मध्यम खालीं उतरला’ असें म्हणणाऱ्या बुवाला पुढच्याच क्षणीं तोच मध्यम लावून दाखवावा लागतो. आणि त्याचाही उतरला तर सभा जी हंसते त्या हंसण्यासारखा दुसरा निकाल नाहीं. ज्याच्यावर टीका झाली त्याला उत्तराची संधि मिळते, हा दुसरा कायदा. जगांतील फार थोड्या परीक्षापद्धतींत ही दुसरी सोय असेल.

श्रोत्यांचे कानही या पद्धतीनें तयार झाले. बारी संपल्यावर पहांटे चहा घेत जें बोलणें चालतें तें ऐकलें असतां, शहरांतील कित्येक संगीतसमीक्षकांस हेवा वाटावा. उंच पट्टींत गाणें ही बुवांची प्रतिष्ठा. पण उंच पट्टी आणि ओढून आणलेला आवाज यांतला फरक मागच्या रांगेंतला नारळ काढणारा गडीही सांगतो. अभंगांत तान घ्यावी कीं न घ्यावी यावर कायमचा तंटा आहे. शब्दाचा अर्थ जेथें पुरा होतो तेथें घेतलेली तान शोभते. चरणाच्या मध्येंच शब्दाचे दोन तुकडे करून घातलेली तान म्हणजे गळ्याची फुशारकी, असा जाणत्यांचा कौल. पखवाजानें बुवाचे शब्द गिळले तर दोष पखवाज्याचा नव्हे, त्याला आवरतां न येणाऱ्या बुवाचा. कोरस मागून येऊन स्वर खालीं खेंचतो काय, झांज लयीच्या पुढें पळते काय, हेंही पाहिलें जातें. आणि गौळणीला सिनेमाची चाल लावली म्हणजे काय होतें? चाल गोड असते, टाळी पडते, परंतु श्रोत्याच्या डोळ्यांपुढें कृष्णाऐवजीं पडद्यावरचा नायक उभा राहतो. नाट्यगीतांच्या चाली भजनांत आल्या तेव्हांही वृद्धांनीं हीच तक्रार केली होती. आज त्याच चालींना जुन्या व शुद्ध म्हणून मान आहे. या तक्रारींत तथ्य किती आणि संवयीचा भाग किती, याचा निवाडा अवघड आहे.

डबलबारीचें आजचें स्वरूप घडलें तें मुंबईच्या गिरणगांवांत आणि कोंकणच्या वाड्यांत एकाच वेळीं. लालबाग-परळच्या चाळींतील मालवणी चाकरमानी दिवसां साच्यावर उभा राही आणि रात्रीं खोलींत पेटी उघडी. गणेशचतुर्थीस तो बोटीनें, पुढें मोटारीनें, आणि १९९८ पासून कोंकण रेल्वेनें गांवीं येई तेव्हां नवीन चाली त्याच्या ट्रंकेंतून गांवास पोंचत. घरोघर गणपतीपुढें भजन, मागून उसळ आणि चहा, आणि दोन वाड्यांची गांठ पडली कीं बारी. १९८२ च्या गिरणी संपानें चाकरमान्यांची उपजीविका मोडली. भजन मोडलें नाहीं. परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम, चिंतामणी पांचाळ, काशीराम परब अशा बुवांचीं नांवें फलकावर लागलीं कीं मैदान भरावें, आणि ज्यांना येतां आलें नाहीं त्यांनीं ध्वनिफितींवर तींच बारी पुन्हां पुन्हां ऐकावी, असा काळ त्यानंतर आला.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगण्यासारखी आहे. ज्या पेटीवांचून बुवाचें पान हालत नाहीं, त्या पेटीला ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं बंदी घातली. तिचे स्वर बांधलेले आहेत, भारतीय श्रुतींना तिच्यांत जागा नाहीं, असा आक्षेप होता. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. शास्त्रदृष्ट्या आक्षेप खोटा नव्हता. परंतु त्या तीस वर्षांत कोंकणांतील एकाही देवळानें पेटी बाहेर काढल्याचें कोणाच्या कानीं आलें नाहीं. परीक्षकांचा कौल आणि लोकांचा कौल हे दोन वेगळ्या रस्त्यांनीं चालतात, याचें एवढें ठळक उदाहरण दुसरें मिळणें कठीण. रेडिओनेंच १९५०च्या दशकाच्या आरंभीं, बाळकृष्ण केसकर हे मंत्री असतांना, कलावंतांची परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी लावण्याची पद्धति कडक केली. श्री. ना. रातंजनकरांसारखा अधिकारी पुरुष परीक्षक-मंडळावर असूनही पुष्कळ नामांकित गायक-वादकांनीं या परीक्षेस बसण्याचें नाकारलें. अधिकाराबद्दल शंका नसतांही परीक्षेचा अपमान वाटूं शकतो, हें त्या प्रसंगीं दिसून आलें.

याउलट, परीक्षकच नसलेला सामना मराठी माणसानें एकदां पाहिला आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन नाटकमंडळ्यांचे दोन मुकुटमणि एका रंगभूमीवर! नाटक खाडिलकरांचें, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भूमिकांत नायक-नायिकेचा कलह असल्यामुळें सामन्याला कथेचेंच निमित्त मिळालें. केशवरावांचा आवाज तेजस्वी व तानेचा, बालगंधर्वांचा लडिवाळ व भावाचा. कोण सरस, हा वाद पुढें कित्येक वर्षें संपला नाहीं. निकाल देणारा कोणी नव्हता, म्हणूनच तो वाद गाण्याविषयीं राहिला, मतमोजणीविषयीं झाला नाहीं. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं केशवराव निवर्तले.

१९९५ सालीं ‘सा रे ग म’ हा हिंदी कार्यक्रम झी वाहिनीवर सुरू झाला, आणि पुढें त्याची मराठी आवृत्ति निघाली. २००८-०९ मधील लहान मुलांच्या पर्वानें मराठी घरांना जसें वेड लावलें तसें क्वचितच दुसऱ्या कार्यक्रमानें लावलें असेल. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक गुण अंकांत देत नसत, स्वरांत देत: कोणाला ‘ध’, कोणाला ‘नी’, आणि परमोच्च गायनास ‘वरचा सा’. कल्पना रम्य खरी. परंतु सप्तकाच्या वर जागा नाहीं. शेवटच्या फेऱ्यांत वरचा सा वारंवार मिळूं लागल्यावर त्याचा अर्थ पातळ होत गेला. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे अशीं पांच मुलें अंतिम फेरींत आलीं, आणि फेब्रुवारी २००९ मध्यें लोकांच्या संदेशमतांनीं कार्तिकी विजयी झाली. त्या निकालावर झालेला वाद आजही आठवणारे आहेत. वस्तुतः पांचांचे पांच मार्ग होते. वारकरी व लोकगीताच्या ठसक्यांत वाढलेला गळा, हळुवार भावगीताचा गळा आणि प्रथमेशसारखा नाट्यगीत-अभंगांत रमणारा गळा यांना एकाच स्वरदांडीनें मोजतां येत नाहीं. कोंकणांतल्या श्रोत्याला प्रथमेशच्या अभंगांत घरचा ओळखीचा सूर लागला आणि आळंदीच्या वाऱ्यांत वाढलेल्याला कार्तिकींत. दोघेही खोटें बोलत नव्हते.

डबलबारी या कसोटीवर अधिक न्यायी ठरते काय? एका बाबतींत होय. तेथें टीका सोसणारा प्रौढ असतो, सरावलेला असतो आणि त्याला उलट बोलतां येतें. दहा-बारा वर्षांच्या मुलास सबंध महाराष्ट्रादेखत ‘आज सूर हरवला’ असें ऐकून मान खालीं घालावी लागते आणि हंसून आभार मानावे लागतात. त्याला दुसरी बारी नसते. परंतु उलट बोलण्याची हीच मोकळीक डबलबारीच्या अंगलटही आली आहे. दोष काढतां काढतां बुवा प्रतिस्पर्ध्याच्या गाण्यावरून त्याच्या गुरूवर, गुरूवरून गांवावर आणि गांवावरून घरावर जातो. चिमटा आणि शिवी यांतली रेघ पुसट झाली कीं टाळ्या वाढतात. आणि टाळ्या वाढल्या कीं पुढच्या वर्षीं निमंत्रण वाढतें. जुने जाणकार या शेरेबाजीवर रुष्ट आहेत, आणि त्यांचा रोष रास्त आहे. पुराणांतल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीं बुवाला ग्रंथ उघडावा लागे. टोमण्यासाठीं कांहींच उघडावें लागत नाहीं.

क्रिकेटवरून नांव घेतलेला ‘ट्वेंटी-ट्वेंटी’ सामना हा त्यांतला अलीकडचा प्रकार. बाऱ्या लहान, फेऱ्या जलद, कोठें दोन बुवांऐवजीं तिघांची तिरंगी लढत. कामावर जाणाऱ्या श्रोत्याला तो सोयीचा पडतो, याबद्दल वाद नाहीं. परंतु वेळ अपुरा पडूं लागला म्हणजे बुवा प्रथम काय गाळतो, तें पाहावें. गजर तो गाळीत नाहीं, कारण लोक त्यासाठींच आलेले असतात. टोमणा तर गाळीतच नाहीं. गाळला जातो तो संथ लयींतला अभंग, ज्यांत तीन सप्तकें फिरण्यापेक्षां एक शब्द नीट म्हणणें अवघड असतें, आणि ज्यावरून जुने श्रोते बुवाची पारख करीत असत.