बलार्ध : व्यायामाची मर्यादा आणि संख्या

जोर, बैठका किंवा नमस्कार किती घालावेत असें विचारलें कीं आपल्याकडे उत्तर बहुधा आंकड्यानें मिळतें. समर्थ रामदास टाकळीस रोज १२०० नमस्कार घालीत, असें चरित्रपरंपरा सांगते. गामा पहिलवानाच्या हजारों बैठकांच्या कथाही सर्वश्रुत आहेत. अशा आंकड्यांस नियमाचें प्रामाण्य द्यावें काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, चोविसाव्या अध्यायांत, व्यायामाचें प्रमाण सांगितलें आहे तें ‘बलार्ध’, म्हणजे शक्तीचें अर्ध. संख्या दिलेली नाहीं. वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम करावा, एरव्हीं रोग होतो, असें मात्र बजाविलें आहे. येथें शंका येते कीं, पूर्ण शक्ति किती हें कळल्यावांचून तिचें अर्ध कसें काढावें? आणि ती अजमावूं गेल्यास ज्या अतिव्यायामाचा निषेध केला तोच घडावयाचा! ग्रंथकारानें ही अडचण लक्षण सांगून सोडविली आहे. हृदयस्थ वायु मुखावाटें येऊं लागला, कीं बलार्ध झालें असें जाणावें. काख, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम आणि तोंडास कोरड, हींही लक्षणें परंपरेनें मानलीं आहेत. म्हणजे हें अर्ध गणितांतलें नव्हे. शेवटची मर्यादा न गांठतां ती ओळखण्याची ही खूण आहे.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत आणखी एक भेद केला. बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्यानें थंडींत व वसंतांत अर्धशक्तीनें व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. तेव्हां एकाच मनुष्याचें प्रमाणही बारा महिने एक राहत नाहीं. अतिव्यायाम करणारा, हत्तीस ओढूं पाहणाऱ्या सिंहाप्रमाणें, आपल्याच बळानें नाश पावतो, असें तो म्हणतो.

संख्या निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं संस्थानच्या शाळांतून नमस्कारांचा प्रसार केला. मुलांच्या समुदायास एका तालांत चालवावयाचें तर मोजणी हवीच. आळस घालविण्यासही आंकडा उपयोगी पडतो. आम्हीही शाळेंत मोजूनच नमस्कार घालून घेत असूं. एके दिवशीं ठरलेली संख्या पुरी करण्याच्या भरांत एक अशक्त मुलगा भोवळ येऊन पडला. तो तोंडानें श्वास घेत होता, हें आम्हीं पाहिलें होतें. सुश्रुताचें वचनही आम्हांस पाठ होतें. पण लक्ष आंकड्याकडे होतें.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंति आहे. जुन्या बाडांत कोणाच्या रोजच्या जोरांची वा नमस्कारांची संख्या आढळल्यास ती त्या व्यक्तीच्या दिनचर्येची नोंद समजावी, सर्वांस लागू असा विधि समजूं नये. शेजारीं वय, ऋतु किंवा आहार लिहिला असेल तर तोही अवश्य उतरून घ्यावा. कारण त्यावांचून त्या आंकड्याचा अर्थ लागत नाहीं.