रंगविलेली लोकर आणि हातसुताची कला

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील वैराग हे बार्शी-सोलापूर मार्गावरील बाजारपेठेचे गाव. कमी पावसाच्या या पट्ट्यात रब्बी ज्वारी आणि मेंढी यांचे नाते जुने आहे. सुगी उरकली की शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. कळपाला चारा मिळतो, जमिनीला खत मिळते. या व्यवहारातील तिसरी वस्तू म्हणजे लोकर. एकेकाळी तिच्यापासून घरोघरीची घोंगडी तयार होत असे. आज दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी मेंढ्या भादरण्याची मजुरीच लोकरीच्या किमतीहून अधिक पडते आणि कातरलेली लोकर रानात टाकून दिली जाते. लोकरीबरोबर ती कातणारे हातही नाहीसे होत आहेत. लोकर आधी रंगवून मग तिचे सूत काढण्याची पद्धत समजून घेताना हा संदर्भ लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मेंढीचाच रंग

महाराष्ट्रातील मेंढ्या प्रामुख्याने दख्खनी जातीच्या आहेत. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे तिचे परिचित उपप्रकार होत. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व केसाळ असते. मऊ शालींसाठी वापरल्या जाणाऱ्या मेरिनो लोकरीचा तंतू साधारणपणे २४ मायक्रॉनहून बारीक असतो. दख्खनी लोकरीचा तंतू बहुधा ३० मायक्रॉनहून जाड भरतो. एका मेंढीपासून वर्षाकाठी मिळणारी लोकरही थोडीच असते. तिचा रंग काळा, करडा, तपकिरी किंवा पांढरा असा मिश्र असतो.

म्हणूनच घोंगडीच्या परंपरेत रंगाऱ्याला फारसे स्थान नव्हते. काळ्या लोकरीचे काळे सूत आणि पांढऱ्या लोकरीचे पांढरे सूत वेगळे काढून पट्टे व काठ विणले जात; दोन्ही लोकरी एकत्र पिंजल्या की करडे सूत मिळे. रंग डोहात नव्हे, कळपात निवडला जाई. तंतूच्या अवस्थेतच रंग ठरविण्याची ही दृष्टी, म्हणजेच रंगीत लोकर कातण्याचे मूलतत्त्व, या भागाला नवे नाही. नवा आहे तो केवळ बाहेरून दिलेला रंग.

रंग केव्हा द्यावा?

वस्त्राला रंग तीन टप्प्यांवर देता येतो: सुटा तंतू असताना, सूत झाल्यावर किंवा कापड विणून झाल्यावर. भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर ही दुसऱ्या प्रकारची. तिच्यासाठी तयार कापसाचे सूत आधी रंगवितात आणि मग मागावर त्यातून नक्षी उठवितात. कापडाला रंग देणे सर्वांत सोपे. पण त्यातून बहुधा एकच रंग साधतो.

सुटा तंतू रंगविण्याचे दोन मोठे फायदे आहेत. पिळलेल्या सुताच्या गाभ्यापर्यंत रंग पोहोचणे कठीण असते. सुट्या लोकरीत मात्र तो प्रत्येक तंतूला भिडतो. दुसरे म्हणजे, रंग कोठे फिका, कोठे गडद बसला तरी पिंजताना ते तंतू एकमेकांत मिसळतात आणि छटा एकसारखी होते. तोटेही आहेत. उकळत्या पाण्यात ढवळलेली लोकर गुंतून घट्ट नमद्यासारखी बनते. शिवाय विणीचा आराखडा ठरण्याआधीच रंगांचा हिशेब करावा लागतो.

धुणे आणि रंगविणे

कातरलेल्या लोकरीत माती, काटेकुसळे, वाळलेला घाम आणि नैसर्गिक मेणचट चिकटा असतो. हा चिकटा गेल्याशिवाय रंग नीट धरत नाही. यासाठी लोकर सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात न घासता भिजत ठेवतात आणि पाणी बदलत राहतात. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकल्यास ती आटते, म्हणून पाण्याचे तापमान हळूहळू बदलावे लागते.

लोकर हे प्रथिन आहे. त्यामुळे ती आम्लधर्मी रंग चटकन स्वीकारते आणि तीव्र क्षाराने खराब होते. कापसासाठी चालणारी सोड्याची कृती लोकरीला चालत नाही ती याच कारणाने. वनस्पतिजन्य रंगांसाठी प्रथम तुरटीचा संस्कार करतात. लोकरीच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के तुरटी पुरते. नंतर मंजिष्ठेपासून तांबडा, पळसाच्या फुलांपासून पिवळा व नारिंगी, डाळिंबाच्या सालीपासून पिवळसर आणि लोहक्षाराच्या योगाने काळपट छटा मिळतात. निळीसाठी तुरटी लागत नाही. पण निळीच्या पिंपातील क्षार लोकरीसाठी सौम्य ठेवावा लागतो. हळदीचा रंग आकर्षक दिसतो, तथापि उन्हात लवकर उडतो. रंगाचे पाणी हळूहळू तापवून उकळीच्या अलीकडे सुमारे तासभर ठेवतात आणि लोकर त्याच पाण्यात निवू देतात.

येथे दख्खनी लोकरीचे स्वतःचे गुण दिसून येतात. काळ्या लोकरीवर रंग जवळजवळ उमटत नाही. त्यामुळे रंगविण्यासाठी पांढरी व फिकी करडी लोकर वेगळी निवडावी लागते. करड्या लोकरीवर बसलेला तांबडा रंग विटकरी होतो, निळा रंग ढगाळ दिसतो. जाड केसांच्या गाभ्यात हवेची पोकळी असल्याने ते रंगल्यानंतरही फिके भासतात आणि सुतावर बारीक ठिपक्यांची झाक येते. गिरणीला हा दोष वाटतो. हातसुताची ओळख मात्र त्यातूनच पटते.

पिंजण, पेळू आणि पीळ

वाळलेली रंगीत लोकर हाताने मोकळी करून कमानीच्या तातेने किंवा दातेरी फण्यांनी पिंजतात. धुण्याने व रंगाने ती कोरडी पडलेली असते. म्हणून तेलाचा किंचित हात देतात. मग तिचे पेळू वळतात. मिश्रणाची खरी जागा हीच. पिवळी आणि निळी लोकर पुष्कळ वेळ एकत्र पिंजली तर दुरून हिरवे दिसणारे सूत मिळते. थोडाच वेळ पिंजली तर दोन्ही रंग वेगळे जाणवतात. निरनिराळ्या रंगांचे पेळू एकामागून एक कातल्यास सुतात रंग क्रमाने पालटत जातो. दोन रंगांची सुते एकत्र पिळली तर दुरंगी दुपदरी सूत तयार होते. तीन भाग करडी आणि एक भाग रंगीत लोकर असे प्रमाण धरल्यास थोड्या रंगात बरेच सूत निघते.

कातण्यासाठी हातात फिरवायची चाती किंवा चरखा वापरतात. एक हात पेळूतून तंतू ओढून बारीक करतो, तर चाती त्यांना पीळ देते. पीळ कमी पडला तर सूत तुटते. अधिक झाला तर ते आखडते व टोचते. सूत सैल सोडून दुमडले असता ते स्वतःभोवती किती वळते यावरून पिळाचा अंदाज येतो. कातलेल्या सुताची लड करून ती भिजवतात आणि टांगून वाळवितात. त्यामुळे पीळ स्थिरावतो.

सुतापासून घोंगडीपर्यंत

परंपरेने धनगर कुटुंबांत कातण्याचे काम मुख्यतः स्त्रिया व वृद्ध माणसे करीत. विणण्याचे काम सणगर आणि खुटेकर धनगर यांच्याकडे असे. उभ्या सुताला बळकटी यावी म्हणून चिंचोक्याची खळ देतात. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीपासून केलेल्या जावळाच्या घोंगडीला विशेष मान असतो. न कातता, लोकर दाबून केलेला बुरणूस हा याच लोकरीचा दुसरा उपयोग होय.

रंगांच्या जगात मोठे स्थित्यंतर घडले ते एकोणिसाव्या शतकात. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. १८६८ मध्ये मंजिष्ठेच्या कुळातील तांबडे रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. १८७७ च्या सुमारास सोलापुरात कापड गिरणीही उभी राहिली होती. गिरणीच्या स्वस्त रंगीत कापडापुढे हातसूत मागे पडले. घोंगडी टिकली ती मेंढपाळाला ऊन, पाऊस आणि थंडी यांत तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नव्हते म्हणून.

टाकाऊ लोकरीचे मोल

पुढे स्वस्त कृत्रिम ब्लँकेटे आली आणि मेंढपाळाचे उत्पन्न मांसावर अवलंबून राहू लागले. संशोधनाचा भरही तिकडेच वळला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली, जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी हे त्याचे उदाहरण. राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून कार्यरत आहे. सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या दख्खनी लोकरीवरील अ‍ॅनिमेशन लघुपटाला २०२५ मध्ये फ्रान्समधील अ‍ॅनेसी महोत्सवात पारितोषिक मिळाल्याने या विषयाकडे शहरी वाचकांचेही लक्ष वेधले गेले.

रंगविलेल्या लोकरीचे सूत हा या प्रश्नावरील रामबाण उपाय नव्हे. ही लोकर अंगाला टोचते. तिचे स्वेटर होणार नाहीत. गालिचे, आसने, पिशव्या व भिंतीवरील पट यांसाठी मात्र तिचा जाडपणा आणि टिकाऊपणा उपयोगी पडतो. शिवाय या पद्धतीत सुताचा रंग कातणारीच्या हातात ठरतो. घोंगडीच्या किमतीत तिच्या श्रमाचा वाटा नेहमीच अदृश्य राहिला; निवडून रंगविलेल्या व मिसळून कातलेल्या सुताला सूत म्हणूनच भाव मिळाला, तर तो वाटा मोजता येईल. मेंढ्या वैरागच्या शिवारात पुढेही बसतील. त्यांच्या अंगावरील लोकर कचरा ठरणार की कच्चा माल, हे मात्र ती कातणारे हात किती काळ शिल्लक राहतात यावर अवलंबून आहे.