तळटीप आणि तुटलेली लिंक

फौजेत आम्ही जागा ग्रिड रेफरन्सने सांगतो. तो वाचून दुसऱ्याने नेमके तिथेच पोहोचायला हवे. इतिहासातली तळटीपही तशीच. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या पाहणीत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या निम्म्या वेबलिंक मूळ मजकुरापर्यंत नेत नसल्याचे आढळले. आपल्याकडचेच पाहा. त्याच वर्षी मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी १९६२ च्या युद्धावरील गोपनीय हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा काही भाग आपल्या वेबसाइटवर टाकला. लवकरच ती भारतात उघडेनाशी झाली. पुरावा वाचकाला तपासता आला नाही, तर जवानांच्या त्या लढाईची उरते फक्त ऐकीव गोष्ट. म्हणून लिहिणाऱ्यांनी लिंकसोबत पाहिल्याची तारीख द्यावी आणि पानाची प्रत वेबॅक मशीनमध्ये जतन करावी. जय हिंद.